ताई, तुम्ही बायकांचं बघा

प्रति,
मा. श्री. तुहिन कांत पांडे,
अध्यक्ष, भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई



नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या कार्यालयातून निघालेलं एक परिपत्रक मी तीनदा वाचलं. म्युच्युअल फंडात पहिल्यांदाच येणाऱ्या स्त्रीला जो वितरक घेऊन येईल, त्याला तिच्या पहिल्या रकमेवर किंवा एसआयपीच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यांवर एक टक्का, जास्तीत जास्त दोन हजार रुपये, जादा मोबदला मिळेल. मुख्य अट ही, की तिचे पैसे निदान वर्षभर टिकायला हवेत. सांगलीच्या गल्लीबोळांतून पंचवीस वर्षं बायकांची बचत गोळा करत आलेल्या माणसाला या निर्णयाचं मोल कळतं, आणि त्यासाठी मी आपले मनापासून आभार मानते. पण परिपत्रक तिसऱ्यांदा वाचताना मी जे शोधत होते ते शेवटपर्यंत सापडलं नाही. जिला आणायचं ती स्त्री त्यात आहे. तिला आणणारी स्त्री कुठेच नाही. हे पत्र तिच्यासाठी आहे.

कायद्याच्या भाषेत मी सल्लागार नव्हे, वितरक. सल्लागार म्हणवून घ्यायला सेबीकडे वेगळी नोंदणी लागते, आणि तशी नोंदणी असलेले साऱ्या देशात हजारसुद्धा नाहीत. त्यामुळे मिरज, तासगाव, विट्यात पैशाचं काय करावं हा प्रश्न लोक ज्याला विचारतात तो बहुधा वितरकच असतो. या पत्रात मी सल्लागार हा शब्द लोकांच्या अर्थाने वापरते आहे.

माझी सुरुवात १९९९ साली पोस्टाच्या एजन्सीने झाली. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ पासून चालू आहे. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे, म्हणजे आपल्या आरडीचे, हप्ते दारोदार जाऊन गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे, हे काम त्या योजनेत फक्त स्त्रियांना मिळतं. महिन्याची पंधरा तारीख जवळ आली की माझी तारांबळ उडायची. एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर कार्डांची पिशवी. कुणी शंभर द्यायचं, कुणी पाचशे. कुणी डाळीच्या डब्यातून काढून, नवऱ्याला कळू नये म्हणून हळूच हातात ठेवायचं. कार्डावर सही करून मी पुढच्या दाराशी. त्या पैशाला ना पहारेकरी होता ना कॅमेरा, माझ्या शब्दावर सगळं चालायचं. महाराष्ट्रातल्या हजारो बायकांनी हे काम असंच केलं आणि आजही करतात. बाईच्या हाती पैसा सुरक्षित असतो, हे सरकारला ५० वर्षांपूर्वीच पटलं होतं.

मग त्याच बायका पुढच्या पायरीवर, म्युच्युअल फंडांच्या कामात, इतक्या थोड्या का दिसतात? त्यांना जमत नाही म्हणून, असं मला अनेकांनी सांगितलं. मी ते मानत नाही. वितरकाची परीक्षा शंभर प्रश्नांची, दोन तासांची आणि पन्नास गुणांना उत्तीर्ण होण्याची आहे. तीन-तीनशे खात्यांचे हप्ते तोंडपाठ असलेल्या बाईला ती अवघड नाही. खरी अडचण कमाईच्या गणितात आहे, आणि ते गणित आपल्यासारख्या निर्णय घेणाऱ्यांपुढे कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडते.

एखाद्या बाईने महिन्याला हजार रुपयांचं आरडी खातं उघडलं, की एजंटला चार टक्क्यांनी दर हप्त्याला ४० रुपये मिळतात. वर्षाचे झाले ४८०. त्याच बाईला मी हजाराची एसआयपी सुरू करून दिली, तर मला मिळतं ट्रेल कमिशन, म्हणजे साठलेल्या रकमेवर वर्षाकाठी टक्क्याचा काही भाग. ०.८ टक्के धरू. पहिल्या वर्षी रक्कम हजारापासून बारा हजारांपर्यंत चढत जाते, सरासरी साडेसहा हजार. त्यावर वर्षाचे होतात ५२ रुपये. बाजारातली वाढ बाजूला ठेवली, तर एका वर्षाच्या ४८० रुपयांचा आकडा ओलांडायला सहावं वर्ष उजाडतं. एका बाजूला वर्षाला ४८०, दुसऱ्या बाजूला ५२, आणि घरात दोन मुलांची शाळेची फी. पोस्टाची एजंट पोस्टातच का थांबते, याचं उत्तर या तीन गोष्टींत आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने आगाऊ कमिशन बंद केलं. त्याआधी गिऱ्हाइकाचे पैसे केवळ कमिशनसाठी एका फंडातून दुसऱ्यात कसे फिरवले जायचे, ते मी जवळून पाहिलं आहे. तो निर्णय योग्य होता आणि तो मागे घ्या असं मी कधीही म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून या व्यवसायाची पहिली पाच वर्षं कोरडी झाली, हेही खरं आहे. ही कोरडी वर्षं पुरुष कशावर काढतो? एकरकमी मोठ्या पैशावर. त्याचा शाळेतला मित्र आता डॉक्टर असतो, मामा साखर कारखान्याचा संचालक असतो. संध्याकाळी मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपले की तो अडत दुकानाच्या गादीवर टेकतो, चहा येतो, आणि चहासोबत कुणाच्या प्लॉटचे किती आले हेही कळतं. कुणी चाळीस लाख त्याच्याकडे ठेवले, की ०.८ टक्क्यांनी वर्षाचे ३२ हजार पहिल्या वर्षापासून चालू. तितक्या ट्रेलसाठी मला हजाराच्या सहाशेहून जास्त एसआयपी गोळा कराव्या लागतात. त्या गादीवर बसायला बाईला कुणी मनाई केलेली नाही. पण पंचवीस वर्षांत मी तिथे एकही बाई बसलेली पाहिली नाही.

चाळीस लाखांचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. एका व्यापाऱ्याच्या घरी सात वर्षं मी आरडीचे हप्ते घ्यायला जात होते. पुढे त्यांच्या बायकोची आणि मुलीची पाच-पाचशेची एसआयपीही मीच सुरू करून दिली. त्यांनी प्लॉट विकला तेव्हा मी विचारलं. ते हसून म्हणाले, ‘ताई, तुम्ही बायकांचं बघा. हे मोठं आहे, ते आमच्या भावाच्या मित्राकडे दिलंय.’ बोलण्यात अपमान नव्हता. माणूस मायाळू होता, दिवाळीला माझ्या घरी फराळ पाठवायचा. त्यांना ते स्वाभाविक वाटत होतं, एवढंच.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते गेले. पंधरा दिवसांनी वहिनी प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंबून माझ्याकडे आल्या. चाळीस लाख कुठल्या फंडात आहेत ते त्यांना माहीत नव्हतं. गुंतवणूक एकट्याच्या नावावर, वारस म्हणून नाव कुणाचंच लावलेलं नाही. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर गेलेल्या माणसाचा, आणि तो नंबर घरच्यांनी तेव्हाच बंद केलेला. भावाच्या त्या सल्लागार मित्राचं काम वाईट होतं असं मी म्हणत नाही, त्याने निवडलेले फंड चांगले होते. पण इतक्या वर्षांत तो वहिनींशी एकदाही बोलला नव्हता. तो यायचा तेव्हा त्या आत चहा करत असायच्या. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून बोलायचे, म्हणून पाचशेच्या एसआयपीचं त्यांना सगळं माहीत होतं. अगदी तारीखसुद्धा. वारसाचे कागद जुळवून ते पैसे त्यांच्या नावावर यायला अकरा महिने गेले.

अध्यक्ष महोदय, स्त्री सल्लागार का हवी, याचं माझ्यापाशी असलेलं उत्तर हे आहे. स्त्रिया जास्त सावध असतात किंवा जास्त प्रामाणिक असतात, असले दावे मला करायचे नाहीत. त्या घराच्या ज्या भागात पोचतात तिथे दुसरं कुणी पोचत नाही, आणि पैशाचा अर्धा धोका त्याच भागात लपलेला असतो.

पैसा कुणाच्या नावावर आहे, हे बदललं आहे. म्युच्युअल फंडांची संघटना अॅम्फी आणि पतमापन संस्था क्रिसिल यांच्या अहवालानुसार म्युच्युअल फंडांत स्त्रियांच्या नावावरची रक्कम मार्च २०१९ मध्ये साडेचार लाख कोटी रुपयांच्या आसपास होती, ती मार्च २०२४ मध्ये सव्वाअकरा लाख कोटींवर गेली. व्यक्तींच्या एकूण गुंतवणुकीत हा वाटा साधारण एक तृतीयांश होतो. पैसा सांभाळणाऱ्यांचं चित्र मात्र फारसं हललेलं नाही. देशातल्या फंड व्यवस्थापकांत शंभरामागे दहाही स्त्रिया नाहीत. शिखरावर स्त्रिया आलेल्या आहेत, हे मला माहीत आहे. २००१ मध्ये मुंबई शेअर बाजाराच्या अध्यक्षपदी दीना मेहता आल्या, २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या अरुंधती भट्टाचार्य, आणि आपल्याच खुर्चीत आपल्याआधी तीन वर्षं माधबी पुरी बुच होत्या. त्यांचा मला अभिमान आहे. पण तासगावच्या द्राक्ष बागायतदाराच्या दारात त्यांच्यापैकी कुणी जात नाही. तिथे जाते ती माझ्यासारखी.

आणि मी तिथे पोचले तरी माझ्याकडे पाहिलं कसं जातं? एका फंड कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात माझं नाव पुकारलं गेलं. मी मंचावर चढले, तर पुरस्कार देणाऱ्या अधिकाऱ्यांनी माझ्यामागे पाहत विचारलं, ‘सर आले नाहीत?’ माझे यजमान शाळेत गणित शिकवतात. त्यांना माझ्या गिऱ्हाइकांची नावंसुद्धा माहीत नाहीत. त्या सभागृहात दोनशेच्या आसपास वितरक होते. मी बायका मोजल्या, एकोणीस भरल्या. त्यातल्या निम्म्या नवऱ्याशेजारी बसल्या होत्या आणि बोलत नवराच होता.

इथे मला एक अवघड गोष्ट मोकळेपणाने सांगायची आहे, कारण ती माझ्याच बाजूच्या आकड्यांना छेद देते. स्त्रियांच्या नावावरच्या नोंदण्या मोजल्या तर आकडा प्रत्यक्षापेक्षा बरा दिसेल. नवरा बँकेत किंवा सरकारी नोकरीत असतो, त्याला दुसरा धंदा करता येत नाही, म्हणून एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, बायकोच्या नावावर काढला जातो. परीक्षा ती देते, गिऱ्हाईक तो सांभाळतो, कमिशन तिच्या खात्यात येतं आणि तोच काढतो. ग्रामपंचायतीत सरपंचपती असतात, तसंच हे. पोस्टाच्या एजन्सीतही ते आहे. मी कुणाचा संसार उघडा पाडायला हे लिहीत नाही. पण खोट्या आकड्यावर उभं केलेलं धोरण खऱ्या बाईच्या कामी येणार नाही. अर्जावर सल्ला देणाऱ्या व्यक्तीचा ईयूआयएन क्रमांक लिहायची पद्धत २०१३ मध्ये लागू झाली. त्यातून समोर बसून बोललं कोण, हे कळावं हाच हेतू होता. तो क्रमांक आहे, त्याची छाननी करता येते.

बाळंतपणाचं आता सांगते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. बँकेत संपत्ती व्यवस्थापनाच्या कामावर असलेल्या मुली ती घेतात, आणि परत येतात तेव्हा त्यांची गिऱ्हाइकं सहकाऱ्यांत वाटली गेलेली असतात. शून्यापासून सुरुवात. पण त्यांना निदान पगार तरी असतो. स्वतंत्र वितरकाला मालक नाही, म्हणून रजाही नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं, की स्त्री-पुरुषांच्या कमाईतलं अंतर पहिल्या मुलानंतर झपाट्याने वाढतं, आणि जिथे कधीही हाक आली तरी हजर राहणाऱ्याला सर्वाधिक पैसा मिळतो, तिथे ते सर्वात जास्त असतं. आमचं काम अगदी तसं आहे. गिऱ्हाईक रात्री नऊला मोकळं होतं, आणि ३१ मार्चला घरी स्वयंपाक झाला की नाही हे कुणी विचारत नाही.

माझ्या हाताखाली एक मुलगी शिकली. बी.कॉम. झालेली, परीक्षेत ८२ गुण. दोन वर्षांत तिने ४६ कुटुंबं जोडली, बहुतेक शिक्षिका आणि परिचारिका. मग लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली. आडनाव बदललं. पॅनवर एक नाव, आधारवर दुसरं, प्रमाणपत्रावर तिसरं. ते सरळ होईपर्यंत आठ महिने गेले. तोवर ती गरोदर होती. वितरकाच्या नोंदणीचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते चुकलं की कमिशन थांबतं. मांडीवर चार महिन्यांचं बाळ घेऊन ती मला फोनवर म्हणाली, ‘काकू, वर्षाला सात-आठ हजार मिळतात. सासरचे म्हणतात, एवढ्यासाठी कशाला?’ मला उत्तर सुचलं नाही, कारण हिशेब बरोबर होता. ती पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत पोचली असती तर त्याच हिशेबाने वेगळं उत्तर दिलं असतं.

ही पहिली वर्षं कठीण असतात हे सरकारला कळत नाही, असं नाही. आयुर्विमा महामंडळाची विमा सखी योजना ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतमध्ये सुरू झाली. दहावी पास स्त्रीला एजंट म्हणून उभं राहायला पहिल्या वर्षी दरमहा सात हजार, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी पाच हजार रुपये मानधन. विम्याला जे जमलं ते भांडवली बाजाराला का जमू नये? आपल्या परिपत्रकातला जादा मोबदला फंड कंपन्या गुंतवणूकदारांच्या शिक्षणासाठी जी रक्कम बाजूला काढतात तिच्यातून दिला जातो. नव्या स्त्री वितरकाला पहिली तीन वर्षं आधार देणं हे त्याच रकमेचं काम ठरू शकतं, कारण गावातल्या बायकांना शिकवण्याचं काम प्रत्यक्षात तीच करत असते.

सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये गुंतवणूक सल्लागारांचे, म्हणजे कायद्याच्या अर्थाने सल्लागार असलेल्यांचे, नियम सैल केले. पदव्युत्तर पदवीची आणि अनुभवाची अट गेली, पदवी पुरेशी झाली, अर्धवेळ सल्लागारालाही नोंदणी मिळू लागली. घर सांभाळून काम करणाऱ्या स्त्रीसाठी ही दारं फार महत्त्वाची आहेत. पण त्यातून किती स्त्रिया आत आल्या, ते आम्हाला कोण सांगणार? माझी पहिली आणि सगळ्यात आग्रहाची मागणी हीच आहे. परीक्षा किती स्त्रिया उत्तीर्ण झाल्या, किती जणींनी नोंदणी घेतली, तीन वर्षांनी किती जणींनी नूतनीकरण केलं आणि किती गळाल्या, हे दर वर्षी राज्यवार प्रसिद्ध करा. पॅनशिवाय आमची नोंदणी होत नाही, म्हणजे माहिती कुठे ना कुठे साठलेली आहे. गळती कुठल्या वर्षी होते हे एकदा दिसलं, की बाकीचं धोरण आपल्या अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं आखता येईल.

बाळंतपणासाठी नूतनीकरणाला एक वर्षाची मुदतवाढ द्या, आणि त्या काळात जुन्या गुंतवणुकीवरचं कमिशन चालू ठेवा. लग्नानंतरच्या नावबदलासाठी एकच अर्ज असू द्या, जो पुढे सगळीकडे लागू होईल. २०२५ मध्ये टपाल खातं आणि अॅम्फी यांच्यात टपाल कर्मचाऱ्यांना वितरक करण्याचा करार झाला. त्या प्रशिक्षणात महिला प्रधान एजंटांनाही बसवा. गावातली घरं त्यांना पाठ आहेत.

सांगलीच्या शेजारी, साताऱ्याच्या माणदेशात म्हसवड आहे. चेतना गाला सिन्हा यांनी तिथल्या बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता, कारण सभासद बायका निरक्षर होत्या. त्या बायका पुन्हा गेल्या. लिहिता येत नसलं तरी व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी येतो, आम्हाला विचारून बघा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली आणि ती आजही चालू आहे. तेव्हा एका कचेरीने आपला निर्णय पुन्हा तपासला. आपल्याकडून मला तेवढीच अपेक्षा आहे.

त्या इचलकरंजीच्या मुलीची ४६ कुटुंबं सध्या मी सांभाळते, तिच्या नावाची वेगळी वही करून. मी तिला पुन्हा यायला सांगितलं आहे, आणि तिने अजून नाही म्हटलेलं नाही. तिच्या नोंदणीची मुदत येत्या ऑगस्टमध्ये संपते.

आपली विश्वासू,
एक म्युच्युअल फंड वितरक, सांगली